एकाच बाटलीची दोघं

देवणी
१२ जून २०२५

सुकन्या,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. शेजारच्या अंगदच्या मोबाइलवरून लावला तर माझा नुसता खाकरा ऐकून ठेवून दिलास. बापाचा खाकरा अजून ओळखतेस एवढं तरी समाधान. पण पोस्ट ब्लॉक करता येत नाही. किनवटच्या जंगलातल्या आश्रमशाळेतही पोस्टमन येतो, आणि तुझ्यासारख्या वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंना सही करून रजिस्टर घ्यावंच लागतं. फाडायचं असेल तर फाड, फक्त वाचून फाड.

काल मुदखेडहून जावईबापूंचा फोन होता. हरिओमराव आहेत तसेच आहेत. अर्धं वाक्य बोलतात, उरलेलं अर्धं रेल्वेच्या भोंग्यात जातं. त्यांनी सांगितलं की २१ ऑगस्टला नांदेडच्या कोर्टात दुसरी आणि शेवटची तारीख आहे. त्या दिवशी तुझी सही झाली की फारकत पक्की आणि सृष्टी कायमची मुदखेडला. फेब्रुवारीत पहिल्या तारखेला वकिलानं तुला विचारलं होतं म्हणे, महिन्यातून एकदा तरी मुलीला भेटायचं लिहू का? तर तू म्हणालीस, 'नको. माझ्याच हातानं तिचं वाटोळं झालंय. मी लांबच बरी.'

म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

जगाचं म्हणणं मला ठाऊक आहे. लातूरच्या डॉक्टरनं सृष्टीला व्हिटॅमिन डीची छोटी बाटली आठवड्याला एक लिहून दिली होती, आणि तू परीक्षेच्या नादात दर खेपेला तीन-चार पाजल्यास. म्हणून दोन वर्षांपूर्वी पोरगी नांदेडला अकरा दिवस सलाईनवर होती. म्हणून तिच्या किडनीत पांढरे ठिपके राहिले. विहीणबाई हे सांगतात, भावकी सांगते, आणि आता तूही सांगतेस. अति तिथं माती म्हणायला लोकांचं काय जातं!

तू सही करू नकोस. कारण आहे, पण ते लिहायला बसलं की दुसरंच काहीतरी लिहून होतं. आज दुपारपासून हा चौथा कागद आहे. पहिल्या तीनांत मी तुला पाऊसपाणी आणि गोऱ्ह्याचं कौतुक कळवलं होतं. तो आता दोन वर्षांचा वळू झालाय. प्रदर्शनात पहिला आला, लोक मागायला येतात, मी देत नाही. झालं, परत तेच लिहिलं.

पुढच्या पत्रात सांगतो.

अण्णा


देवणी
२५ जून २०२५

सुकन्या,

पोचपावती आली. सही तिसरीत करायचीस तशीच तिरकी. मी ती देव्हाऱ्यात ठेवायला गेलो, तर तुझ्या मायनं हातातून काढून घेतली आणि पदराला गाठ मारून ठेवली. बोलली काहीच नाही. ती माझ्याशी बोलत नाही हे तुला ठाऊक नसेल. दोन वर्षं होत आली. ताट वाढते, तांब्या ठेवते, उठून जाते. गायीशी बोलते, शेजारणीशी बोलते. मी आत आलो की तोंड मिटतं.

आता त्या ऑगस्टचं सांगतो. तुला आठवतंय तेवढं तुझं, मला आठवतंय तेवढं माझं.

तू बी.एड.च्या शेवटच्या परीक्षेसाठी लातूरला राहणार होतीस म्हणून सृष्टीला आमच्याकडं ठेवलंस. पंधरा महिन्यांची झाली तरी उभी राहत नव्हती. पाय धनुकलीसारखे बाहेर वाकलेले. लातूरच्या डॉक्टरनं हाडं मऊ झाल्याचं सांगितलं होतं, आणि आठ आठवडे आठवड्यातून एकच बाटली, असं दोनदा बजावलं होतं. तू ते मला बजावलंस. मी काय म्हणालो ते आठवतं? 'आठवड्यातून येकदा? आगं, औषध हाय का उपास?' तू हसली नाहीस. बाटल्या आमच्याकडं ठेवल्या नाहीस. दर रविवारी लातूरहून एसटीनं यायचीस, स्वतःच्या हातानं पाजायचीस आणि जायचीस. पाच रविवार. माझ्यावर तुझा भरवसा नव्हता. शहाणी होतीस.

निघण्याआधी तू मायजवळ रडून सांगितलंस की विहीणबाई येता-जाता म्हणतात, 'माहेरचं हाडच कच्चं.' मी ओसरीवर बसून ऐकत होतो. ते वाक्य मला झोंबलं. देवणीचं हाड कच्चं? ज्या गावाच्या नावानं अख्ख्या मुलखात बैल ओळखला जातो, त्या गावचं? माझ्या गोठ्यातलं जनावर चिखलात गुडघाभर रुतलं तरी गाडी ओढून काढतं. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, पोळ्याला नात बैलाचा कासरा धरून चालत मारुतीच्या पारापर्यंत येईल, आणि मग मी विहीणबाईंना फोन करीन. पोळ्याला चौतीस दिवस होते.

त्याआधी महिनाभर आपल्या गायीला हा गोऱ्हा झाला होता. जातीचा वानेरा, अंग पांढरं आणि तोंड काळं. पण पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात मोडलेले. जनावरांच्या दवाखान्यातल्या नागप्पानं मोठी बाटली दिली. जनावरांचं व्हिटॅमिन, पिवळं, तेलकट. रोज चार बुचं. जाताना म्हणाला, 'मालक, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. लई जहाल हाय.' पंधरवड्यात गोऱ्हा सरळ उभा. अंगणात उड्या मारू लागला. आणि त्याच अंगणात, घोंगडीवर, माझी नात बसल्या जागेवरून त्याच्याकडं बघून टाळ्या वाजवायची. तिला उठता येत नव्हतं.

मग एक दिवस मी त्यातलं थोडं बोटावर घेऊन तिला चाटवलं. दोन-चार वेळा. बास, एवढंच. एवढ्यानं काही होतं का हे मला कळत नाही, पण तुझ्या कानावर घातलं.

आणखी एक. दुपारी गुरं हौदावर पाणी प्यायला सोडतो, तेव्हा मला सृष्टीचा आवाज येतो. 'पा, पा.' तिला पाणी म्हणता यायचं नाही, 'पा' म्हणायची. हौदाच्या मागं जाऊन बघतो, कुणी नसतं. भर उन्हात, डोकं ठिकाणावर असताना ऐकू येतं. परवा तुझी माय वाळवण घालत होती. गुरांनी हौदात तोंडं घातली आणि तिनं मान वर करून हौदाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

अण्णा


देवणी
४ जुलै २०२५

सुकन्या,

मागच्या पत्रातली 'दोन-चार वेळा' ही ओळ खोटी आहे. ते पत्र तुझ्याजवळ असेल तर ती ओळ खोड.

रोज दिलं. चौतीस दिवस. रोज सकाळी वासराला चार बुचं, नातीला एक बूच. नेमकं मोजून, वर जरा जास्त सांडलं तर परत ओतायचो. वासराच्या चौथाईनं देतोय म्हणजे मी किती जपून करतोय असं मला वाटायचं. गुळाच्या पाण्यात कालवून द्यायचो. पहिले दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग सवय झाली. पुढं पुढं मी गोठ्यातून बूच घेऊन येताना दिसलो की ती लांबूनच तोंड उघडून बसायची. आणि रविवारी तुझी बाटली वरून व्हायची. तू गेलीस की मी मनात म्हणायचो, शिकलेली लेक आठवड्याला चमचाभर देती आन् जाती, खरं काम तर आपून करून राहिलो.

तुझ्या मायनं चौथ्या-पाचव्या दिवशी पाहिलं. 'आवो, जनावराचं हाय ते!' मी म्हणालो, 'हाडाला काय ठाव, वासराचं का लेकराचं? हाड ते हाड.' ती गप्प बसेना. तुला सांगते म्हणाली. मग मी तिला आण घातली. सृष्टीच्या गळ्याची. 'सुकन्याला ह्यातलं येक अक्षर बोललीस तर पोरीचं बरंवाईट व्हईल.' पोळ्यापर्यंतच गप्प राहा, एवढंच माझ्या मनात होतं. पण आणीला कुठं तारीख असते? पोरगी दवाखान्यात पडली आणि तुझी माय जास्तच घाबरली. आता बोललं तर पोर हातची जाईल, असं तिच्या मनानं घेतलं. मी ती आण सोडू शकलो असतो. सोडली नाही. म्हणून तिनं माझ्याशीच बोलणं सोडलं.

पोळ्याच्या आधीचे आठ दिवस सृष्टी सारखं पाणी मागायची. तांब्यानं पाजलं तरी पुरायचं नाही. दुपटी एकामागून एक भिजायची. भाकरीचा तुकडा तोंडात घेतला की बाहेर काढायची, पोटाला तडस लागायची. मी खूश होतो. तुझ्या मायला म्हणालो, 'पानी पितंय म्हंजी अंगी लागून राहिलंय.' जनावर जास्त पाणी पितं तेव्हा आम्ही असंच म्हणतो. लेकरू तहानेनं रडत होतं आणि मी त्याचं कौतुक करत होतो. हौदावर मला ऐकू येतं ते हेच.

आता दवाखान्याचं. ते लिहायचं म्हणून दोन दिवस शाईचं पेन सापडत नाही असं नाटक केलं.

पोळ्यानंतर तिला नांदेडला भरती करून पाचवा दिवस होता. रक्ताचा रिपोर्ट आला, व्हिटॅमिन डी इतकं की मशीनला मोजता येईना. त्या डॉक्टरबाईंनी आपल्याला सगळ्यांना आत बोलावलं. तू, हरिओमराव, विहीणबाई, मी. बाई शांतपणे म्हणाल्या, 'आठवड्याच्या एका बाटलीनं हे होत नाही. कुणीतरी जास्तीचं दिलंय. कुणी रागावणार नाही, फक्त काय दिलं ते सांगा.' मी भिंतीला टेकून उभा होतो, टोपी हातात होती. विहीणबाईंनी तुझ्याकडं बोट केलं. तू माझ्याकडं वळलीस. 'अण्णा, तुमी घरी असायचे. तुमीच सांगा, म्या रविवारी येकच बाटली देत होते नव्हं?'

मी म्हणालो, 'म्या गोठ्यात असतो. मला काय ठाव.'

औषध दिलं ती चूक होती. अडाणीपणा म्हण, घमेंड म्हण, पण त्यात माया होती. हे वाक्य चूक नव्हती, सुकन्या. मला सगळं ठाऊक होतं आणि मी ते बोललो. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, जनावराचं औषध नातीला पाजणारा येडा म्हातारा ठरायची मला लाज वाटली. पोलिसांचीही भीती वाटली.

मग तीन दिवस तुला सगळ्यांनी पिंजून काढलं. तिसऱ्या दिवशी तू जिन्यात बसून म्हणालीस, 'अभ्यासाच्या गुंगीत म्याच जास्ती बाटल्या दिल्या आसतील. मला आठवतच न्हाई.' मी दोन पायऱ्या खाली उभा होतो. ते ऐकून मला हायसं वाटलं. वाटलं ते हायसंच.

तू रविवारच्या एका बाटलीपलीकडं एक थेंब दिला नाहीस. तुझा काडीचाही दोष नाही. सही करू नकोस.

अण्णा


देवणी
२२ जुलै २०२५

सुकन्या,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर, आणि त्यात हे:

'अण्णा, माझ्यासाठी खोटं बोलू नका. तुमचं मन कळलं. इतके दिवस वाटत होतं तुम्हीही मला टाकलं. मायला जपा. मी सही करणार आहे.'

मी ते अंगणात उभं राहूनच वाचलं. आयुष्यभर मी थापा मारल्या. आठ मणाचं ज्वारीचं पोतं पाठीवर आणलं म्हणालो, वाघ बघितला म्हणालो, तू सगळं खरं मानत गेलीस. आणि आज खरं लिहिलं तर तू मला देवमाणूस ठरवून मोकळी! तुझा फार राग आला. राग येऊन रडूही आलं. तू माझ्या पापाचे आभार मानतेस, आणि ते मला सहन होत नाही.

मग मी चुलीपाशी गेलो. तुझी माय भाकरी थापत होती. म्हणालो, 'रुक्मिण, आण सुटली. सृष्टीच्या गळ्याची आण म्या सोडली. बोल.' तिनं तवा उतरवला, हात पुसले. म्हणाली, 'आता सोडून काय करू? लेकीचं वाटोळं झालं तवा कामून न्हाई सोडली?' दोन वर्षांनी बायको बोलली ती एवढं. त्यानंतर ती मोठ्यानं रडली आणि मी तिथंच उभा राहिलो, कारण जायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं मुदखेडला गेलो.

विहीणबाईंनी चहा दिला. मी सगळं सांगितलं, बूच, चौतीस दिवस, दवाखान्यातलं वाक्य. तुझ्या मायनं साक्ष दिली. विहीणबाई ऐकून म्हणाल्या, 'इवाईबापू, तारीख जवळ आली म्हून आलात. आमाला का कळत न्हाई? लेकीसाठी मायबाप काय बी बोलतील.' हरिओमराव खाली बघत होते. तसेच म्हणाले, 'दोन वर्सं कुठं होते मग?'

सृष्टी आली. तीन वर्षांची झालीय. पाय सरळ आहेत. गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली, डॉक्टरबाईंनी सांगितलंय म्हणे, सारखं पाणी पीत राहायचं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. तिनं मायला विचारलं, 'तू कोन हायस?' मग माझ्याकडं बघून हसली, आणि मी जवळ गेलो तर विहीणबाईंनी तिला उचलून आत नेलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

येताना गाडीत तुझी माय म्हणाली, 'त्यो व्हिडू हाय की. किती दिस दडवून ठेवता?'

म्हणजे तिला तेही ठाऊक होतं.

ते ऐक. पोळ्याच्या दिवशी, १४ सप्टेंबरला, अंगदनं माझा व्हिडिओ काढला होता, आमच्या देवणी बैल पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला. दीड मिनिटाचा आहे. त्यात शिंगं रंगवलेली आहेत, गोऱ्ह्याच्या गळ्यात माळ आहे. मी वासराला बुचानं औषध पाजतो, बाटलीवरचं गायीचं चित्र सरळ दिसतं. मग त्याच बुचानं सृष्टीला पाजतो. ती तोंड उघडून तयारच आहे. मी मोबाइलकडं बघून म्हणतो, 'बघा मंडळी, एकाच बाटलीची दोघं! दोघांचे बी पाय सरळ! कोन म्हनतं देवणीचं हाड कच्चं?' लोक हसतात. मग मी सृष्टीला उभी करतो, कासरा तिच्या हातात देतो, आणि ती चालते. चार पावलं. पाचव्याला बसते.

ती तिची पहिली पावलं आहेत. त्या दिवशी तू फोनवर 'व्हिडिओ पाठवा, अण्णा' म्हणून किती विनवलंस. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून काढलाच नाही, असं मी सांगितलं. आधी एवढ्यासाठी सांगितलं की तुला औषध दिसेल आणि तू ओरडशील. दवाखान्यानंतर अंगदला गटावरून काढायला लावला. माझ्या मोबाइलमधून मात्र मला काढता आला नाही. तिचं तेवढंच चालणं माझ्याजवळ आहे. मी तो आवाज बंद करून बघतो, म्हणजे ती दिसते आणि मी ऐकू येत नाही.

अंगदनं तो चिपवर उतरवून दिलाय. याच पाकिटात, कागदात गुंडाळून चिकटवली आहे. व्हिडिओवर तारीख आहे, माझं तोंड आहे, बाटली आहे. तू आवाज चालू ठेवून बघ. तुला तुझ्या लेकीची पहिली पावलं बघायची तर मध्ये मी येणार, त्याला माझा इलाज नाही. दुसरी चिप हरिओमरावांना पाठवली, तिसरी घेऊन मी उद्या नांदेडला डॉक्टरबाईंकडं जातोय.

आता तरी मला खोटा म्हणू नकोस.

अण्णा


देवणी
२४ ऑगस्ट २०२५

सुकन्या,

तू फोन ठेवलास त्याला आज वीस दिवस झाले. त्या दिवशी मला जे बोलता आलं नाही ते लिहितो, हे शेवटचं पत्र.

४ ऑगस्टला सकाळी दहाच्या सुमाराला तुझा नंबर मोबाइलवर दिसला तेव्हा मी दावणीला होतो. उचलला. मागं तुझ्या वसतिगृहातल्या पोरींचा जेवणाच्या रांगेचा गलका. रडशील, शिव्या देशील, कशाचीही तयारी ठेवली होती. तू एकच विचारलंस. 'अण्णा, दवाखान्यात म्या तुमच्याकडं बघितलं, तवा तुमाला ठाव होतं? का मागून ध्यानात आलं?'

मी हे पत्रात लिहिलेलं होतं. तू वाचलेलं होतंस. तरी विचारलंस, आणि 'का मागून' म्हणताना तुझा आवाज बारीक झाला. तू मला जागा देत होतीस. दवाखान्यात कळलं नव्हतं, घरी आल्यावर उमगलं आणि मग तोंड उघडायचा धीर झाला नाही, असं म्हणालो असतो तर तू मानलं असतंस. अडाणी बाप म्हणून पदरात घेतलं असतंस. दिवाळीला आली असतीस. मला ते सगळं एका क्षणात दिसलं, ओसरीवर तू, सृष्टी, तुझी माय.

मी 'हाव' म्हणालो. 'तवाच ठाव होतं.'

कारण त्यात थोडीशी जरी फट ठेवली असती तर तू तिच्यातून परत स्वतःकडंच बोट केलं असतंस. तुला मी ओळखतो.

बाकीचं कळवायचं राहिलं. डॉक्टरबाईंनी व्हिडिओ दोनदा बघितला. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. औषधाचं नाव सृष्टीच्या केसपेपरवर लिहून घेतलं. म्हणाल्या, यात नुसतं डी नव्हतं, व्हिटॅमिन एसुद्धा भरपूर होतं, आणि ते त्या वेळी कुणाला ठाऊक नसल्यानं तपासलंच गेलं नाही. आता तपासलं. लिव्हर ठीक आहे. किडनीतले ठिपके आहेत तेवढेच आहेत, वाढलेले नाहीत. पण ते जातील असं त्या म्हणाल्या नाहीत. मी दोनदा विचारलं.

नागप्पानं मला बजावलं होतं, हेही मी लेखी देऊन आलो. त्या बिचाऱ्यावर उगाच यायला नको.

परवा हरिओमरावांचा फोन आला. या वेळी भोंगा वाजला तरी थांबले आणि वाक्य पुरं केलं. तू २१ तारखेला सही केली नाहीस, कोर्टाबाहेर विहीणबाई तुझे हात धरून रडल्या, आणि सृष्टीला तू किनवटला घेऊन गेलीस. तुमच्या दोघांच्या संसाराचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही. ते म्हणाले, गाडीत बसताना पोरगी फार रडली. रडणारच. तिला तू परकी झालीयस. दोन वर्षं मी खाल्ली तिची. हळूहळू येईल ती तुझ्याकडं, घाई करू नकोस.

तुझी माय पुढच्या आठवड्यात किनवटला येतेय, एकटी. तिला राहू दे चार दिवस. माझ्याशी ती आता बोलते, कामापुरतं. मी येणार नाही. तू बोलावलं नाहीस आणि मीही आडून सुचवत नाही. पूर्वी सुचवलं असतं.

एकच मागणं आहे. सृष्टी मोठी होईल. दर सहा महिन्यांनी नांदेडला कशाला जायचं, आपल्यालाच एवढं पाणी का प्यायचं, हे विचारील. देवणीच्या आजोबांकडं आपण का जात नाही, हेही एक दिवस विचारील. तेव्हा तुझ्यातली लेक जागी होईल आणि माझी अब्रू झाकायला काहीतरी सांगशील, म्हातारा झाला, लांब राहतो, असं काही.

तसं करू नकोस. तिला खरं सांग. मी काय पाजलं ते सांग, आणि तू विचारलंस तेव्हा मी काय म्हणालो तेही सांग.

अण्णा